बाजेखालचा विस्तव

बारशाच्या सकाळी लंकाबाईनं चुलीवरचा हंडा उतरवला, तेव्हा त्या पाण्यात बोट बुडवायची सोय नव्हती. रोजच्यापेक्षा जास्तच लाकडं सारली होती तिनं. दुपारी कर्जतकडून विहीणबाई येणार होत्या आणि त्यांच्यासमोर लेक सुकन्या आपल्या पायांनी चालत आली पाहिजे, असं लंकाबाईनं मनाशी पक्कं धरलं होतं.

परवा फोनवर विहीण बनुबाई जे बोलली ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. "बारसं झालं की पोरगी आमी घिऊन जातो. सुकन्याला तुमच्याकडं निवांत बरी होऊ द्या." बोलणं गोडच होतं. पण दोन महिन्यांचं लेकरू आईपासून तोडायचं आणि सून माहेरी ठेवून द्यायची, याचा अर्थ न कळायला लंकाबाई काही कालची पोर नव्हती. नात एकदा बापाच्या घरी गेली आणि लेक माहेरी राहिली की पुढं काय होतं ते तिनं याच वस्तीवर डोळ्यांनी बघितलं होतं.

प्रवरेकाठची ती सगळी वस्ती बाळंतिणीसाठी लंकाबाईकडंच यायची. निर्गुडीचा पाला टाकून उकळलेलं पाणी, लसूण-ओव्याचं तेल, आणि न्हाणं झालं की बाजेखाली विस्तवाचं घमेलं. तिच्या हाताखालून गेलेली पोरगी सासरी परतायची ती गाल वर काढून. पुढं कधी कुणाची कंबर धरली तर ती बाई हमखास म्हणायची, माझा शेक लंकामावशीनं केला असता तर ही वेळ आली नसती. अशा बाईच्या स्वतःच्या लेकीचं बाळंतपण, म्हणजे काय थाट असेल ते सांगायला नको.

पण त्या थाटात माशी शिंकली. बाळंतपणाला तीन आठवडे होतात न होतात तोच सुकन्याचा डावा पाय जड पडला. मग हाताला मुंग्या, मग कमरेभोवती कुणीतरी दोर आवळल्यासारखं वाटायला लागलं. जावई आदिनाथ नगरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मेकॅनिक होता, तो धावत आला आणि तिला मेंदूच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. मशिनच्या बोगद्यात घालून डोक्याचे आणि मणक्याचे फोटो काढले, पाठीतून पाणी काढून तपासलं. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी असं काही झालं होतं का? तेव्हा कुठं सुकन्याला आठवलं, की कॉलेजात असताना एका डोळ्यापुढं महिनाभर धुकं आलं होतं आणि आपोआप गेलं होतं. घरच्यांनी तेव्हा मोबाईलला दोष देऊन चष्मा करून दिला होता. डॉक्टर म्हणाले, ते त्याचंच पहिलं पाऊल होतं. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. सलाइनमधून स्टेरॉइड दिलं आणि गेलेला पाय निम्माशिम्मा परत आला.

लंकाबाईच्या जिभेला ते नाव काही वळलं नाही. ती त्याला 'नगरचं दुखणं' म्हणायची. आणि तिच्या मते त्याचं कारण उघड होतं. ओली बाळंतीण, डोक्याला रुमाल नाही, वर एसीचं गार वारं आणि शिरेतून गार पाणी! दवाखान्यात हा प्रकार बघून तिला घेरी यायची बाकी होती. लेकीला घरी आणल्यावर तिनं मोडलेला सव्वा महिना पहिल्यापासून धरला. शेक झाला की सुकन्या चिंधीसारखी पडून राहायची. लंकाबाई म्हणायची, अंग सैल पडलं, गुण येतोय. सकाळी तीच सुकन्या उठून भिंत धरत अंगणापर्यंत यायची. लंकाबाई म्हणायची, बघा, रात्रभर शेक मुरला. यात काही उलटं असेल अशी शंका तिला यायचं कारणच नव्हतं.

"आई, आज पानी जरा कोमट घिऊ या का?" न्हाणीत पाटावर बसता बसता सुकन्या म्हणाली.

"कोमट पान्यानं म्हशी न्हात्यात. बाळंतीन न्हाई." लंकाबाईनं पहिला तांब्या ओतला. "आज तुझी सासू येनार. अशी उभी करते तुला, का बघतच ऱ्हावी."

सुकन्यानं गुमान पाठ पुढं केली. लंकाबाईचे तेलाचे हात तिच्या पाठीवरून फिरू लागले तशी लंकाबाई हलकेच गुणगुणू लागली. रिपोर्ट आल्यापासून चुलीपुढं, गोठ्यात, कुठंही बसली की तिचे डोळे भरायचे. एवढ्या एका कामात मात्र तिचं मन लागायचं. हाताखाली लेकीची पाठ असली की तिला वाटायचं, अजून सगळं आपल्या हातात आहे.

मग बाज. घमेल्यात विस्तव, त्यावर ओवा आणि शेपा. दार लोटलेलं, पंखा बंद, कानाला रुमाल. बाहेर वैशाखाचं ऊन पत्र्यावर तापत होतं.

"आई, डोळ्याम्होरं धुरकट दिसतंय गं."

"धूर हाय म्हनून दिसतंय. पड गप."

दार किलकिलं करून लंकाबाईच्या नवऱ्यानं, राधाकृष्णानं, आत डोकावलं. हातात ओलं पोतं होतं. विहिरीवरची मोटार उन्हानं तापून बंद पडू नये म्हणून तिच्यावर भिजलं पोतं टाकायला तो निघाला होता. "लंका, उन्हाळा लई हाय. आज शेक ऱ्हाऊ दे की."

"तुमी तुमच्या मोटरीकडं बघा."

राधाकृष्णानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, लेकीकडं बघितलं आणि मिटलं. गावच्या ग्रामसभेत सरपंचाला धारेवर धरणारा हा माणूस घरात मात्र बायकोच्या शब्दाबाहेर जात नसे, हे सगळ्यांना माहीत होतं. तो पोतं झटकत निघून गेला.

दुपारी गाडी आली. आधी आदिनाथ उतरला, मग त्याची बहीण निकिता, हातात बाळाच्या कपड्यांची पिशवी घेऊन. शेवटी बनुबाई. उंच, सडसडीत, पदर कंबरेला खोचलेला, एखाद्या कामावर आल्यासारखी. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. सरळ आत गेली आणि सुनेच्या गालाला हात लावला.

"अगं, किती तापलीस!"

"शेकलीया," लंकाबाई अभिमानानं म्हणाली. "आताच उठवली बाजेवरनं."

बनुबाईनं मग नातीला उचललं, छातीशी धरलं. त्या धरण्यात इतकी माया होती की लंकाबाईनं नजर वळवली. वाईट बाई असती तर भांडणं सोपं गेलं असतं.

वस्तीवरच्या बायका जमल्या. झेंडूच्या माळा गुंडाळलेला पाळणा मधल्या खोलीत टांगला होता. घुगऱ्यांची परात तयार होती. आदिनाथ बाहेरून एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला आणि पाळण्याजवळ ठेवू लागला.

"ही कशाला?"

"मामी, सुकन्याला उभं राहायला नको. बसून घेईल ती."

"बसून कुठं पाळन्यात घालत्यात व्हय? उभी ऱ्हाईल ती." लंकाबाईनं खुर्ची पायानंच बाजूला सारली. आदिनाथनं सासऱ्याकडं बघितलं. सासऱ्यानं छताकडं बघितलं.

पाळण्याच्या एका बाजूला सुकन्या, दुसऱ्या बाजूला बनुबाई. आधी झबलं-टोपी घातलेला वरवंटा या हातातून त्या हातात फिरला, बायका हसल्या. मग बाळाची पाळी आली. पाळण्याखालून बनुबाईनं बाळ पुढं केलं. सुकन्या वाकली आणि तिनं हात पुढं केले. लंकाबाई तिच्या शेजारीच होती. तिला लेकीचे हात स्पष्ट दिसले. ते बाळाच्या खाली होते, पण बाळाला धरत नव्हते. सुकन्याची नजर बाळावर नव्हतीच, बाळ जिथं असेल असं तिला वाटत होतं तिथं होती.

मग तिचे गुडघे मोडले.

बनुबाईनं हात सोडले नव्हते म्हणून बाळ वाचलं. तिनं ते झटक्यात स्वतःकडं ओढलं, पाळणा तिच्या कपाळावर आपटला, झेंडूची माळ तुटून खाली पडली. बाळ टाहो फोडून रडायला लागलं. सुकन्या भिंतीला टेकून खाली बसली होती. ती रडत नव्हती. नुसते आपले हात उलटेसुलटे करून बघत होती, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"झालं बारसं," बनुबाई म्हणाली. "आदिनाथ, गाडी काढ."

"आई, नाव तरी ठिऊ दे," निकिता म्हणाली.

"नाव घरी ठिवू. लेकरू ऱ्हाईलं तर नाव ठिवशील ना?" तिनं बाळाला पदराखाली घेतलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन खाटेच्या कडेवर बसली. कपाळावर टेंगूळ आलं होतं, पण तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

लंकाबाई तिच्या मागोमाग गेली. "विहीनबाई, असं तोडून नगा निऊ. आईच्या अंगावरचं लेकरू हाय ते."

"मला काय हौस हाय का तोडायची?" बनुबाईचे डोळे भरले. "बगितलंत ना तुमी? माज्या हातातनं सुटलं असतं तर? तुमच्या लेकीला मी नावं ठिवत न्हाई. तिचा काय दोस? पन दोस नसला म्हनून लेकरू पडायचं ऱ्हातं का?"

"लंका," राधाकृष्ण खालच्या आवाजात म्हणाला, "थोडे दिस नेऊ दे त्यास्नी. बरोबर बोलत्यात त्या."

लंकाबाईनं नवऱ्याकडं असं बघितलं की तो दोन पावलं मागं सरला. आपला माणूस विहिणीच्या बाजूला जाऊन उभा राहिला! आता तिच्या बाजूनं कुणी उरलं नव्हतं. होतं ते एकच, स्वतःच्या हातातलं कसब.

"एक म्हैना द्या मला," ती बनुबाईपुढं जवळजवळ हात जोडून म्हणाली. "एकच म्हैना. उद्यापासनं दोन येळा शेकते तिला. सकाळ आन् संध्याकाळ. विस्तव वाढवते. खडखडीत करून तुमच्या दारात आनून सोडते."

"मामी, शेक बंद करा!"

आदिनाथ ओरडलाच. तो कधी मोठ्यानं बोलत नसे, त्यामुळं बाळसुद्धा क्षणभर रडायचं थांबलं. दारात बायका जमल्या. मग त्याचा आवाज एकदम खाली आला.

"शेकानंच होतंय ते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. या आजाराला गरमी चालत नाही. गरम पाणी नको, ऊन नको, तापसुद्धा येऊ द्यायचा नाही. अंग तापलं की तिच्या हातापायातली ताकद जाते, डोळ्यापुढं धूसर होतं. मी मामांना फोनवर सांगितलं होतं."

लंकाबाई सावकाश नवऱ्याकडं वळली. "तुमाला ठावं हुतं?"

राधाकृष्णानं मान खाली घातली. "सांगनार हुतो. रोज सांगनार हुतो. पन तू ज्या हौसेनं पाला आनायचीस... माजी जीभच उचलत नव्हती."

"आन् जावईबापू, तुमी? तुमाला तोंड न्हाई?"

"मला वाटलं मामांनी सांगितलं असेल. मागच्या रविवारी आलो तेव्हा घमेलं दिसलं. सुकन्या म्हणाली, राहू द्या, मी बोलते आईशी."

म्हणजे हिलासुद्धा माहीत होतं. लंकाबाई आतल्या खोलीत आली. सुकन्या अजून भिंतीला टेकूनच होती. कानाला घट्ट रुमाल, अंगावर काठापदराची जाड साडी, गळ्यावरून घामाचे ओघळ. महिनाभर लंकाबाईला हा घाम गुणाचा वाटत होता.

ती लेकीपुढं मटकन खाली बसली. "तुला बी ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् तरी रोज त्या पाटावर येऊन बसत हुतीस? भाजून घेत हुतीस? का गं?"

सुकन्याला आईचा चेहरा नीट दिसत नव्हता. ती आवाजाच्या दिशेनं बघत म्हणाली, "तू दिसभर रडतीस, आई. मला ऐकू येतं. फक्त मला न्हाऊ घालताना तू गाणं म्हनतीस. तेवढंच. मला वाटलं, तेवढं तरी ऱ्हाऊ दे तुला."

इतक्या बाळंतिणी तिच्या हाताखालून गेल्या, पण आपण लेकीला सांभाळतोय असं समजावं आणि लेकच आपल्याला सांभाळत असावी, असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. दारात आदिनाथ येऊन उभा राहिला होता. तिनं त्याच्याकडं मान वर केली. जे विचारायचं होतं ते विचारायची तिला भीती वाटत होती, पण विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"जावईबापू, खरं सांगा. मी माज्या हातानं लेक लुळी केली का?"

"नाही हो, मामी." तो घाईघाईनं खाली बसला. "आजार गरमीनं वाढत नाही. तो आपला तो आहे. मेंदूपासून ज्या शिरा हातापायाला जातात ना, त्यांच्यावरचं आवरण शरीर आपलं आपणच खरवडून काढतं, वायरीवरचं प्लॅस्टिक सोलल्यासारखं. तसल्या सोललेल्या वायरीतून गरमीत निरोप पोहोचत नाही. गार झालं की तेवढं परत येतं."

"आपली मोटार न्हाई का," मागून राधाकृष्ण चाचरत म्हणाला, "तापली की बंद पडती, आन् ओलं पोतं टाकलं की..."

"तुमी बोलूच नगा आज," लंकाबाई म्हणाली. पण ती उठली होती.

तिनं बाजेखालून घमेलं ओढलं. राख वर होती, खाली विस्तव अजून लाल होता. पदरानं कडा धरून तिनं ते अंगणात नेलं आणि रांजणातल्या पाण्याचा अख्खा तांब्या त्यावर ओतला. चर्रर्र आवाज झाला, वाफ तिच्या तोंडावर आली. बघणाऱ्या बायकांना वाटलं आता ही रडणार. पण ती तशीच आत आली, दोन्ही खिडक्या उघडल्या, पंखा पाचावर केला आणि माठात जुन्या लुगड्याचं फडकं बुडवलं.

मग तिनं लेकीच्या कानाचा रुमाल सोडला.

"अगं लंका, काय करतीस?" शेजारची साळूबाई दारातूनच ओरडली. तिच्या तिन्ही सुनांचा शेक लंकाबाईनंच केला होता. "बाळंतीन हाय ती! गार पानी लावतीस? तूच आमाला सांगत आलीस ना?"

"सांगत आले," लंकाबाई म्हणाली. "तुमच्या सुनांना ते मानवलं. ही माजी हाय, हिला न्हाई मानवत."

पहिलं गार फडकं तिनं सुकन्याच्या मानेवर ठेवलं. जन्मभर जे पाप म्हणून सांगितलं तेच आज ती स्वतःच्या लेकीला करत होती. सुकन्यानं डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. लंकाबाईनं दुसरं फडकं मनगटांवर गुंडाळलं, तिसरं पायांवर. निकितानं जाड साडी सोडून तिला सुती गाऊन घालायला मदत केली. आदिनाथ वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत बसला, वर पंखा फिरत होता तरी.

बाहेर बायकांनी घुगऱ्या खाल्ल्या. कुणी कुजबुजलं, कुणी कुणाला गप्प केलं. बाळ रडून रडून बनुबाईच्या खांद्यावर झोपलं. गाडी काढायचा विषय परत कुणी काढला नाही, पण मिटलाही नव्हता. लंकाबाई फडकं वाळलं की भिजवत होती, पिळत होती, परत ठेवत होती. गाणं तिला सुचत नव्हतं.

"आई," बऱ्याच वेळानं सुकन्या म्हणाली.

"काय गं?"

"तुझं कुकू पुसलंय. घामानं नाकावर आलंय."

लंकाबाईचा हात तसाच थांबला. लेक तिच्याकडं बघत होती. आवाजाकडं नाही, तिच्याकडं. लंकाबाईनं नाक पुसलं नाही. तिला वाटलं, ते तसंच राहू दे आणि हिनं ते असंच बघत राहू दे.

उंबऱ्यात बनुबाई उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. ती आत आली आणि बाळासकट सुनेच्या समोर जमिनीवर बसली.

"सगळं परत आलं का?" तिनं विचारलं.

आदिनाथनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण सुकन्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"न्हाई, आत्याबाई. नजर आली. उजवा हात आला. डावा अजून बधिर हाय आन् पाय बी कच्चाच हाय. तो गरमीनं गेला न्हाई, आजारानं गेलाय. परत येईल का, किती येईल, डॉक्टर बी सांगू शकत न्हाईत. पुढल्या आठवड्यात दुसरं इंजेक्शन सुरू करायचंय, आजार परत उसळू नये म्हनून. अंगावर पाजत असले तरी चालतं ते, विचारून घेतलंय. पन ते लई वर्सं घ्यावं लागंल. आजार जानार न्हाई. आवरून धरायचा, एवढंच."

एवढं सरळ आजवर या घरात कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांना जपून जपून भलतीच भानगड करून ठेवली होती.

"मला उभी ऱ्हाऊन धरता येनार न्हाई," सुकन्या पुढं म्हणाली. "चालता चालता बी न्हाई. पन बसून धरता येईल. मांडीवर घेता येईल, पाजता येईल. तुमाला भरोसा वाटत नसंल तर न्या. मी आडवी येनार न्हाई. तुमी नसता तर आज ती पडली असती, हे मला बी कळतं. पन मी तिला बसून धरू शकते, आत्याबाई."

बनुबाईनं झोपलेल्या नातीकडं बघितलं. कपाळावरचं टेंगूळ आता निळं पडलं होतं. "पाळना अर्धा सोडू नये म्हनत्यात," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नसल्यासारखी. "निकिता, तो पाळना खाली घे गं."

आदिनाथनं दोर सैल केला. पाळणा जमिनीपासून हातभर अंतरावर आला. बनुबाई बसल्या जागेवरून पुढं सरकली आणि तिनं बाळ खालून पुढं केलं. सुकन्यानं दोन्ही हात पसरले. लंकाबाई तिच्या डाव्या अंगाला बसली होती. तिचे हात न सांगता लेकीच्या बधिर हाताखाली गेले.

बनुबाईनं बाळ ठेवलं, पण सोडलं नाही.

"धरलंस?"

"उजव्यानं धरलंय."

"डावा कळतोय?"

सुकन्यानं क्षणभर विचार केला. खोटं बोलायची ही वेळ होती. व्हय म्हणाली असती तर सगळे सुटले असते. लंकाबाईला मनातून वाटलं, म्हण बाई, व्हय म्हण.

"न्हाई," सुकन्या म्हणाली. "डावा कळत न्हाई."

बनुबाईनं आपले हात अलगद काढून घेतले. बाळ सुकन्याच्या उजव्या कोपरात होतं, खाली मांडी होती, आणि डाव्या हाताखाली लंकाबाईचे हात होते. बाळानं झोपेतच तोंड वाकडं केलं आणि परत सरळ केलं.

"विहीनबाई," बनुबाई म्हणाली, "तुमी सरका."

लंकाबाईला वाटलं, संपलं. आता ही उठवणार, बाळ घेणार आणि निघणार.

"सरका जरा," बनुबाई पदर सावरत उठली होती. "डाव्या अंगाला मला बसू द्या. पुढं तिथं मलाच बसायचंय. नगरला आदिनाथच्या खोलीवर जाते मी, दोघीस्नी घिऊन. तिकडं गावाकडचं निकिता बघंल." मग लंकाबाईच्या तोंडाकडं बघून तिचा सूर मऊ झाला. "कसं धरायचं, कुठनं आधार द्यायचा, ते दावा मला. तुमच्या हाताला ठावं झालंय ते."

लंकाबाई सरकली. लेकीच्या हाताखालचे आपले हात काढून तिथं विहिणीचे हात ठेवताना तिनं बोटं एकेक करून बसवली. "हितं मनगटाखाली एक. कोपराला एक. जोर देऊ नगा, नुसतं ऱ्हाऊ द्या. तिचं तिला वाटलं पाहिजे का तीच धरतीय."

"खरंच मीच धरलंय," सुकन्या म्हणाली आणि बारशात पहिल्यांदा हसली.

निकितानं बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, अन्विता, आणि रीतीप्रमाणं बायकांनी निकिताच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. राधाकृष्णानं ते नाव परत परत विचारून घेतलं आणि शेवटी जाहीर केलं, की तो आपला ताईच म्हणणार.

"विहीनबाई," हात न हलवता बनुबाई म्हणाली, "हिच्या मानेवरचं फडकं वाळलं बगा. माझे हात गुंतलेत."

लंकाबाई उठली. माठात फडकं बुडवलं, पिळलं आणि लेकीच्या मानेवर ठेवलं. केसांच्या मुळाशी अजून सकाळच्या लसूण-ओव्याच्या तेलाचा वास होता. तिचे हात आपसूक मानेवरून पाठीवर आले, रोजच्यासारखे फिरू लागले, फक्त गार होते. आणि सगळ्या बायकांच्या देखत, हळू, बेसूर, तिनं गाणं म्हणायला सुरुवात केली.